मोळीवाल्याचा एक आणा

पूर्वी मी कुठल्याही पिक्चरबद्दल, न विचारता, अर्धा तास मत देत असे. हल्ली कुणी विचारलंच तर "लांबीला बरा होता" एवढं म्हणतो आणि विषय पाण्याच्या नळाकडे नेतो. कर्जतजवळच्या आमच्या भिसेगावात लोकांना वाटतं, भाऊसाहेबांचा वयोमानाने रस गेला. रस आहे, धीर गेला. सहासष्ट सालच्या हिवाळ्यात मी एका माणसाचा एक आणा कापला, तो आणा मला अजून परत करता आलेला नाही.

आणा कसला ते आधी सांगायला हवं. मी सरकारी कचेरीत कारकून, आणि माझ्या टेबलाला पिकांची आणेवारी. गावाचं पीक सोळा आण्यांपैकी किती आणे आलं, याचा तो हिशेब. सोळा म्हणजे भरघोस, बारा म्हणजे समाधानकारक, सहाच्या खाली म्हणजे टंचाई. खिशातले आणे सरकारने बंद करून नऊ वर्षं झाली होती, पण भातातले आणे तसेच चालू होते. पहिला अंदाज बांधावर उभं राहून नजरेनेच करायचा असतो. शेतात उतरून चिखल तुडवावा लागत नाही, ही पद्धत मला फार शास्त्रीय वाटायची.

याशिवाय आमच्या वस्तीत विहाराला लागून जे वाचनालय होतं, त्याचा मी चिटणीस होतो. दोन कपाटं, एक बाक आणि रस्त्याकडे तोंड करून टांगलेला एक फळा. फळ्यावर रोज एक सुविचार लिहिण्याचं काम माझ्याकडे. सलग तीन वर्षं लिहिल्यावर एका सकाळी सुविचार संपले. जे शिल्लक होते ते घरात कुणीच पाळत नव्हतं, त्यामुळे लिहायला संकोच वाटू लागला. आदल्या दिवशी कशेळ्याला टुरिंग टॉकीजच्या तंबूत पिक्चर पाहून आलो होतो. हातात खडू होताच. मी लिहून टाकलं: "पाटलीण गेली कोर्टात. गाणी बरी. नायक जाड. कोर्टात पंखा फिरतो पण कुणाचे केस हलत नाहीत. आणेवारी: नऊ आणे."

दुपारपर्यंत फळ्यासमोर वीस माणसं उभी राहून गेली. सुविचारासमोर तीन वर्षांत एक म्हैस उभी राहिली होती.

आता यात मी फुगलो नसतो तर नवल. माझ्या आज्याला उभ्या जन्मात कुणी मत विचारलं नव्हतं. त्याला कामं सांगत. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा वडील मला म्हणाले होते, "कमळाकर, आता कुणापुढे मान खाली घालून बोलायचं नाही." मी ते मनावर घेतलं. पण वर केलेली मान किती वर न्यायची हे त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि कचेरीत यायला निघालेली चांगली धोतर-टोपीवाली माणसं फळ्यापाशी थांबून "भाऊसाहेब, यंदाचा पिच्चर किती आणे?" असं अदबीने विचारू लागली, तेव्हा ती मान आपोआपच आभाळाला लागली. कशेळ्याच्या एस.टी.चा कंडक्टर तर तिकिटाबरोबर आणेवारीही देऊ लागला. "दहा आणे हाय, जावा," असं त्याने म्हटलं की बसमधली अर्धी माणसं त्या संध्याकाळी तंबूत जात.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. तंबूत खेळ साडेसहाला, अंधार पडला की सुरू होई. इंटरव्हल पावणेआठला. आणि कशेळ्याहून कर्जतकडे यायची शेवटची एस.टी. आठला. मी कचेरीच्या कामाने महिन्यातून तीन-चार वेळा कशेळ्याला जाई, खेळ बघे, आणि इंटरव्हलला शेंगदाण्याची पुडी घेऊन गाडीत बसे. म्हणजे त्या दोन वर्षांत मी एकाही पिक्चरचा शेवट पाहिला नव्हता. शेवट मी परतीच्या गाडीत स्वतःच ठरवून टाकत असे. माझ्या मते ते काही गैर नव्हतं. लोंबी आली की पिकाचा अंदाज येतोच.

हे गुपित फक्त माझ्या बायकोला, चंद्रभागेला ठाऊक होतं. ती म्हणे, "अहो, अर्ध्या जेवणावरून उठून सुगरणीला नावं ठेवायची म्हणजे काय?" मी तिला नजर-अंदाजाची सरकारी पद्धत समजावून सांगितली. ती भाजी ढवळत राहिली.

शेजारचे सखारामदादा, रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारे निवृत्त सांधेवाले, यांनी दुसरा मुद्दा काढला. "तू चुकाच फार लिहितोस रं. चांगलं काय हाय ते बी लिवत जा." मी त्यांना म्हटलं, "दादा, चांगलं तर कुणालाही दिसतं. चूक दिसायला नजर लागते." हे वाक्य मला इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी मी ते सुविचार म्हणून लिहिलं.

त्या डिसेंबरात तंबूत 'चुलत्याची शपथ' नावाचा पिक्चर लागला. मालोजीराव, म्हणजे टॉकीजचे मालक, मोठे हौशी गृहस्थ. त्यांनी बैलगाडीवर भोंगा लावून वाड्यावाड्यांच्या वाटांपर्यंत हाकाटी केली, कारण या पिक्चरचा एक भाग दोन वर्षांपूर्वी कशेळ्याच्या पुढे नदीकाठी चित्रित झाला होता. "आपली नदी, आपला डोंगर पडद्यावर बघा" असं भोंग्यावरून दिवसभर चाललं होतं. सात दिवसांचा खेळ ठरला होता आणि पाचव्या दिवशी कशेळ्याचा बाजार.

मी पहिल्याच दिवशी गेलो. आता कबूल करतो, त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. कचेरीत मोठ्या साहेबांनी माझ्या आणेवारीच्या तक्त्यात सात चुका काढल्या होत्या, आणि त्याही सगळ्यांदेखत. माणसाला स्वतःच्या सात चुका मिळाल्या की दुसऱ्याच्या चौदा शोधल्याशिवाय जेवण जात नाही. मी तंबूत वही-पेन्सिल घेऊन बसलो ते बसलोच. दुसऱ्या सकाळी फळा भरून लिहिलं:

"चुलत्याची शपथ. नदीवर नायिकेच्या बांगड्या हिरव्या, घरी येईतो लाल. एक आणा कापला. चुलत्याची मिशी उजवीकडे सुटलेली. एक आणा कापला. बाजाराच्या दृश्यात एक मोळीवाला चालता चालता थेट कॅमेऱ्यात बघतो, आणि दिग्दर्शकाला त्याचा पत्ता नाही. एक आणा कापला. बाकीचे दहा आणे कथेसाठी कापले. आणेवारी: तीन आणे."

तीन आणे म्हणजे सहाच्या खाली. सहाच्या खाली म्हणजे टंचाई. कंडक्टरने ती बातमी कशेळ्यापर्यंत तर नेलीच, पण पुढे मुरबाडच्या गाडीलाही दिली. दुसऱ्या दिवशी तंबूत अकरा माणसं होती, तिसऱ्या दिवशी चार, आणि त्या चारांतले दोघे मालोजीरावांचे मेहुणे. चौथ्या दिवशी त्यांनी पिक्चरचे डबे मुंबईला परत पाठवले, तंबू उपटला आणि खोपोलीजवळ साजगावला कारखान्याच्या वस्तीत नेऊन ठोकला. मला हे कळलं तेव्हा मी चंद्रभागेला म्हणालो, "बघ, लेखणीत केवढी ताकद असते." मला हे वाक्य आता आठवलं तरी पाणी प्यावंसं वाटतं.

सहाव्या दिवशी कचेरीच्या व्हरांड्यात एक म्हातारी येऊन बसली. डोंगराच्या कुशीतल्या वाडीवरची, हे तिच्या लुगड्याच्या काष्ट्यावरून आणि पायाला लागलेल्या लाल मातीवरून दिसत होतं. शिपायाने विचारलं, "काय काम?" ती म्हणाली, "पिच्चरवाले भाऊसाहेब कंचे?"

मला बरं वाटलं. कीर्ती डोंगरापर्यंत गेली. मी बाहेर आलो.

"मी बुधी," ती म्हणाली. "आमी कशेळ्याला बाजारच्या दिशी आलो, वाडीतली समदी. तंबू नाय. लोकं बोल्ली, भाऊसाहेबांनी काय लिवलं म्हनून ग्येला. मंग तुमालाच ठावं असंल, कुठं ग्येला त्यो."

"साजगावला गेला. पण तो पिक्चर आता नाही लागायचा. चांगला नव्हता तो, आजी."

"चांगला नसंना का," ती म्हणाली. "त्यात माजा दादला हाय."

मला नीट उमगेना. तिनेच सांगितलं. दोन वर्षांमागे शूटिंगवाले आले तेव्हा त्यांनी वाडीतल्या माणसांना दिवसभरासाठी बोलावून नदीकाठी खोटा बाजार भरवला होता. तिचा नवरा शुक्रा त्यात होता. त्याला सांगितलं होतं, मोळी घेऊन इकडून तिकडे चालत जा. तो गेला. गेल्या पावसाळ्यात तापाने शुक्रा वारला. त्याचा फोटो कधी कुणी काढला नव्हता. वाडीत फोटो काढायला येतं कोण? भोंगा ऐकला तेव्हापासून ती बाजारच्या दिवसाची वाट बघत होती.

"मोळी घेऊन?" मी विचारलं.

"व्हय. मोळी घ्येऊन."

मी एक आणा कापलेला मोळीवाला तो हाच. तिला मी काय लिहिलं होतं ते कुणी वाचून दाखवलेलं नव्हतं, आणि तिला वाचता येत नव्हतं. त्या दिवशी लोकांच्या निरक्षरतेबद्दल मला जे समाधान वाटलं, त्याची वाचनालयाचा चिटणीस म्हणून मला अजून लाज वाटते. मी तिला चहा पाजला आणि म्हणालो, "आजी, मी आणतो तो पिक्चर परत." ती म्हणाली, "आना बाबा," आणि निघाली. बाजारातून मीठ आणायला सांगावं तितक्या विश्वासाने ती ते बोलली होती.

दुसऱ्या रविवारी मी साजगावला गेलो. मालोजीराव तंबूच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. मला पाहून ते उठले नाहीत.

"या, तीन आणे," ते म्हणाले.

मी सगळी हकिगत सांगितली. म्हातारी, शुक्रा, मोळी. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "भाऊसाहेब, तुमच्या फळ्यावरचं माझा माणूस उतरवून आणतो, ठाऊक आहे? तुम्ही ज्या ज्या चुका लिहिल्यात त्या त्या मी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त केल्या. म्हटलं, जाणकार माणूस आहे, आणे वाढवील. तुम्ही फळा पुसलादेखील नाहीत."

आता इथे कुठल्याही शहाण्या माणसाने विचारलं असतं, की मालोजीराव, तयार पिक्चरमधल्या चुका तंबूत बसून दुरुस्त कशा केल्यात? मी नाही विचारलं. माझं ऐकून जगात कुणीतरी काहीतरी दुरुस्त केलं, या आनंदातच मी होतो. घरात सांगून दोन वर्षं झाली तरी खिडकीची कडी दुरुस्त झाली नव्हती.

"आणतो मी डबे," मालोजीराव शेवटी म्हणाले. "एक दिवस कशेळ्याला तंबूही लावतो. पण तंबू भरायला हवा. तुम्ही फळ्यावर सोळा आणे लिहायचे."

"सोळा?" मी म्हणालो. "मालोजीराव, सोळा आणे मी कुठल्याच पिक्चरला दिले नाहीत. सोळा आणे तर भातालाही देत नाही. आठ लिहितो."

"सोळा."

"बारा. बारा म्हणजे समाधानकारक."

"म्हातारीला बारा आणे नवरा दाखवायचा का?" मालोजीरावांनी विचारलं. मी सोळा कबूल केले.

मग परवान्याचं प्रकरण सुरू झालं. कशेळ्याच्या तंबूची मुदत संपली होती, नवा अर्ज हवा होता, आणि तो अर्ज फिरत फिरत येणार होता माझ्याच खोलीत. मला वाटलं, आपलंच घर. मी मालोजीरावांच्या नावाने अर्ज स्वतः लिहिला, स्वतः नेऊन दिला, आणि चार दिवसांनी तो माझ्या टेबलावर आला. हातात लेखणी, समोर अर्ज. इतक्या वर्षांची सवय. मी त्यावर शेरा मारला: "जागेच्या नकाशावर उत्तर दिशा दाखविलेली नाही. पूर्ततेसाठी परत." शाई वाळल्यावर ध्यानात आलं की नकाशा मीच काढलेला होता.

नकाशावर उत्तर दिशा आली. मग ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आला, त्यावर तारीख नव्हती. तारीख घालायला ज्यांच्याकडे शिक्का होता ते लग्नाला गेले होते. मग आग विझवायच्या वाळूच्या पाच लाल बादल्या तपासणीला दाखवायच्या होत्या. मालोजीरावांच्या बादल्या साजगावला अडकलेल्या. मी आळीत फिरून बादल्या गोळा केल्या. सगळ्यांनी सल्ला दिला, बादली कुणी दिली नाही. सखारामदादांनी एक दिली, तिला बूड नव्हतं. "वाळू जाड घे," ते म्हणाले. शेवटी घरातल्या दोन आणि सासुरवाडीहून आलेल्या तीन बादल्यांना मी लाल रंग लावला. चंद्रभागा नळावरून रिकाम्या हाताने परत आली आणि अंगणातल्या पाच लाल बादल्यांकडे बघत उभी राहिली. त्या आठवड्यात आमच्या घरी आंघोळीचं पाणी पातेल्यात काढत होते, आणि माझ्या पातेल्यात ते नेहमी गारच निघे.

पण ती एकदाही "कशाला हा उद्योग" असं म्हणाली नाही. म्हाताऱ्या बुधीचं मी तिला सांगितलं होतं. फक्त एकदा वाढताना ती म्हणाली, "तो मोळीवाला तुम्ही पाहिलात ना? मग तेव्हा एवढं काय वाईट वाटलं त्याचं?" मी आमटी मागितली.

खेळाच्या दोन दिवस आधी मी फळ्यावर लिहिलं: "चुलत्याची शपथ. फेरविचार. आणेवारी: सोळा आणे." खडू तीनदा मोडला. तासाभरात सखारामदादा काठी टेकत आले. फळा वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला. "कमळाकर," ते म्हणाले, "रुळावरनं गाडी एकदा सांधा बदलते. तू पार उलटी फिरवलीस रं. मालोजीनं काय दिलं तुला?" बाकावरची माणसं हसली. खरी गोष्ट सांगायची तर मी मोळीवाल्याचा एक आणा कापला होता, हेही सांगावं लागलं असतं. मी खडूचे तुकडे गोळा करू लागलो. माझ्या दोन वर्षांच्या नावलौकिकाला त्या सकाळी तिथल्या तिथे टंचाई जाहीर झाली.

तंबू मात्र भरला. सोळा आणे कसे असतात ते बघायला कर्जतहूनही माणसं आली. बुधी वाडीतल्या वीस-पंचवीस जणांना घेऊन सगळ्यांत पुढे, जमिनीवर बसली होती. धुतलेलं लुगडं, डोक्यात झेंडूचं फूल. तिने मला हाक मारून जवळ बसवलं. मी वही घरी ठेवून आलो होतो.

नदी दिसली तेव्हा वाडीतल्या माणसांनी एकमेकांना कोपरं मारली. मग बाजार आला. त्यांची बायामाणसं पडद्यावर टोपल्या घेऊन बसलेली होती. ही कोंडी, ती सोनाबाई, अशी नावं पुढून उठू लागली. नायकाने बांगड्या घेतल्या. बुधी पुढे सरकली. नायिका लाजली. आता येणार, मला ठाऊक होतं. लाजण्यानंतर लगेचच तो येतो. आणि पडद्यावर एकदम चुलत्याचं घर आलं.

बुधी माझ्याकडे वळली. "कवा येतो?"

मी उठलो आणि लोकांच्या पायांवरून मशीनकडे गेलो. मशीनवर विठू होता, मालोजीरावांचा ऑपरेटर. मी विचारलं, "मोळीवाला कुठे गेला?"

"त्यो? कापला न्हवं," विठू म्हणाला. "तुमीच लिवलं व्हतं. मालक बोल्लं, भाऊसाहेबांनी आणं कापल्यात तितलं समदं काप. बांगड्या कापल्या, मिशी कापली, मोळीवाला कापला. व्हती त्या चौघांनी बी विचारलं, बांगड्या घेतल्या त्या ग्येल्या कुठं."

मालोजीरावांनी चुका दुरुस्त केल्या होत्या त्या अशा. कात्रीने.

"मशीन थांबव," मी म्हणालो. "कापलेलं कुठे आहे?"

"पोरान्ला वाटलं. पोरं आरशानं भितीवर पाडत्यात." मग विठूने हत्यारांची पेटी उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला एक वीतभर फिल्मची पट्टी चिकटवलेली होती. "एवढी ठिवलीय मी. ह्यो गडी सरळ आपल्याकडं बगतो. म्हनून ठिवली."

पट्टीवर नखाएवढी बारा चित्रं होती. बाराही चित्रांत डोक्यावर मोळी घेतलेला एक माणूस. विठूने सांगितलं, चोवीस चित्रांचा एक सेकंद. मुळात चार सेकंदांचा तुकडा होता. आता उरला अर्धा सेकंद.

मशीन थांबलं होतं, तंबू शिट्ट्यांनी दणाणत होता, आणि मागून कुणीतरी "सोळा आणे परत द्या" असं ओरडत होतं. बुधी माणसांतून वाट काढत मशीनपाशी आली. मी पट्टी दिव्यासमोर धरली आणि तिला सगळं सांगितलं. आधी कुणाला न सांगितलेलंही सांगितलं, फळ्यावरच्या आण्यासकट. मान खाली घालून बोलायचं नाही हे वडिलांचं सांगणं मी त्या दिवशी मोडलं.

तिने पट्टीकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मी म्हणालो, "आजी, ही घरी घेऊन जा. कायमची तुझी. नाहीतर विठू ती पुन्हा जोडील, पण मग डोळ्याचं पातं लवेपर्यंत निघून जाईल, आणि डबे उद्या मुंबईला जायचे आहेत."

"हितं त्यो हुबा हाय नुसता," ती म्हणाली. "त्याला चालताना बगायचाय. जोडा."

विठूने रीळ मागे घेतलं, पट्टीचं टोक खरवडलं, डिंकासारखं काहीतरी लावलं, दाबून धरलं. बुधी परत पुढे जाऊन बसली. मालोजीरावांनी भोंग्यावरून लोकांना गप्प केलं आणि त्यांना जमेल तसं सांगितलं, की आपल्या वाडीचा शुक्रा येतोय, डोळे उघडे ठेवा. एवढा भरलेला तंबू, पण खरंच सगळे गप्प झाले.

नायिका लाजली. आणि मी पडद्याकडे बघायच्या ऐवजी बुधीकडे बघत होतो. तिच्या तोंडावर उजेड हलला, तिने मान थोडी वर केली, आणि चुलत्याचं घर आलं. संपलं. वाडीतली माणसं एकदम बोलू लागली. त्या तंबूत शुक्रा ज्याला दिसला नाही असा मी एकटाच.

इंटरव्हल झाला. बाहेर आठच्या एस.टी.ने हॉर्न दिला, दोनदा दिला आणि गाडी गेली. दोन वर्षांत पहिल्यांदाच मी उठलो नाही. बुधी माझ्यापाशी येऊन बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा शांत होता.

"मान वळवली त्यानं," ती म्हणाली. "माज्याकडं बगितलं. पाय दिसायच्या आत ग्येला." मग म्हणाली, "भाऊसाहेब, तुमी तर पयल्यांदा त्याला पुरता बगितलाय. कसा चालत व्हता, सांगा ना."

ज्या माणसाने पंख्याखाली न हललेले केस पाहिले होते, बांगड्यांचे रंग पाहिले होते, त्याला हा प्रश्न कठीण जायला नको होता. मी आठवू लागलो. शुक्राने कॅमेऱ्यात पाहिलं ते मला आठवत होतं. त्यानंतर मी मान खाली घातली होती, कारण मला वहीत चूक लिहायची होती. वर पाहिलं तेव्हा चुलत्याचं घर आलं होतं. चार सेकंद तो माणूस माझ्यासमोरून चालत गेला, आणि ते चार सेकंद आता जगात कुठेच नव्हते.

तिला नाही कसं म्हणणार? मी म्हणालो, "चांगला चालत होता, आजी. ताठ."

बुधी माझ्याकडे बघत राहिली.

"ताठ नसंल," ती हळूच म्हणाली. "डाव्या पायानं लंगडायचा त्यो."

तिने माझ्या हातावर हात ठेवला. "पन मोळी मोठी असली का मानूस जपून चालतो. म्हनून तुमाला ताठ वाटला असंल. तसंच असंल त्ये."

शुक्राच्या एका चुकीला मी एक आणा कापला होता. माझ्या चुकीला त्याच्या बायकोने कारण शोधून दिलं, आणि माझ्यापुढे भाजलेल्या कंदाची पुरचुंडी सोडली. पिक्चर पुन्हा सुरू झाला तेव्हा आम्ही दोघं ते खात बसलो होतो.